वैकुंठधामातली रेंज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, सरपंचपद सुटलं तरी खुर्ची न सुटलेले आपले माजी सरपंच माननीय बब्रुवानतात्या; तालुक्याला पहिलंवहिलं इंटरनेट दाखवणारे, लोहाऱ्याहून खास आलेले प्रमुख पाहुणे महालिंगप्पाशेठ; मंचावर जागा शिल्लक होती म्हणून बसलेले इतर मान्यवर; सत्कारमूर्ती कुमारी निकिता; न विचारता फेटा बांधला गेला अशा चेहऱ्यानं बसलेले तिचे वडील रणधीरभाऊ; खुर्च्यांवर बसलेले समस्त पुरुष, सतरंजीवर बसलेल्या माझ्या आया-बहिणी, आणि आत यायचं की नाही हे अजून ठरवत दारात उभी असलेली मंडळी, सर्वांना या राजेश्वरीचा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालक म्हणाले, अंगणवाडीच्या बाई आता दोन शब्द बोलतील. अहो, मी आयुष्यभर लेकरांना खिचडी भरवली. दोन शब्दांत माझ्याकडून एक लेकरू घास गिळत नाही. तेव्हा ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच उठावं. चहा मात्र भाषण झाल्यावरच आहे, तो मीच ठेवायला सांगितलाय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. निकिताला हैदराबादला नोकरी लागली. जनावरांची औषधं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथं. उद्या सकाळी निघायचं आणि परवा हजर व्हायचं. आज तिचा निरोप. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की तिच्या वडिलांनी तिला अजून ‘जा’ म्हटलेलं नाही.

कुजबुज करू नका. खरं तेच सांगतेय. विचारा की रणधीरभाऊंना. बघा, फेटा सारखा करायलेत.

तुम्ही म्हणाल, परवानगी नाही आणि निरोप कसला? तर निरोप आधी आणि परवानगी नंतर, असा हा कार्यक्रम आहे. कमलनं, म्हणजे निकिताच्या आईनं, आणि आम्ही बायांनी मिळून ग्रुपवर निमंत्रण टाकलं. ते गावभर गेलं, तालुक्यात गेलं, तिथून सोलापूरचे पाहुणे, पुण्याचे पाहुणे. दुसऱ्या दिवशी रणधीरभाऊ रेंजमध्ये गेले तर फोनवर अभिनंदनाची ही रांग! मेहुण्यानं फुलांचा गुच्छ पाठवलेला, चुलतभावानं टाळ्या पाठवलेल्या. आता ‘मी पोरीला पाठवत नाही’ हे कुणाकुणाला कळवणार? म्हणून बिचारे फेटा बांधून इथं येऊन बसले. आणि आम्ही बाया सतरंजीवर बसून त्यांच्या तोंडाकडं बघायलोत. आज या शाळेच्या खोलीत त्यांनी ‘जा’ म्हटलं, तर पोरगी उद्या गाडीत बसेल. नाही म्हटलं, तर हा नारळ आणि ही शाल घेऊन ती घरी जाईल आणि चुलीपुढं बसेल. एवढाच आजचा प्रश्न आहे.

तात्या, घंटी वाजवू नका. हे प्रास्ताविक होतं.

आता मूळ विषयाकडं वळते. महालिंगप्पाशेठ, तुमच्यापासूनच सुरुवात करते. आपल्या भागात इंटरनेट म्हणजे एके काळी शेठचं दुकान. बाहेर चपला काढायच्या, हिरवा पडदा सारायचा आणि आत जायचं, देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यासारखं. दहावीचा निकाल लागला की सबंध तालुक्याची पोरं त्या दारात. शेठ एका बोटानं नंबर दाबायचे, आणि मग चष्मा पुसायचे. निकाल समोर आलेला असायचा, पोराचा जीव टांगणीला, आणि शेठ चष्मा पुसतायत! हसू नका शेठ, तुम्ही मुद्दाम करत होता, सगळ्यांना कळत होतं. पण एक सांगा, त्या पडद्याआड एक तरी बाई कधी आली होती का? माझ्यासारखीसुद्धा दारातूनच विचारायची, शेठ, झालं का हो अंगणवाडीचं काम? इंटरनेट हे आपलं नव्हेच, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग मोबाइल आला, आणि सगळी उतरंडच उलटी झाली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, आधी अक्षर ओळख, मग कॉम्प्युटर, मग इंटरनेट. आमच्या धुरपदाबाईंना सहीसुद्धा येत नाही. त्या फोन तोंडाशी धरतात, खडसावून विचारतात, ‘आगं, करडाचं प्वाट फुगलंय, काय दिऊ?’ आणि तो फोन मुकाट्यानं सांगतो. फोनला त्या ‘आगं’ म्हणतात, कारण आतून बाईचा आवाज येतो. काल भांडत होत्या त्याच्याशी. ‘तुला किती येळा सांगितलं, करडू म्हणलं म्या, कालवड न्हाय!’ कॉम्प्युटरचं तोंड न बघता आमच्या बाया मधले सगळे वर्ग सोडून थेट शेवटच्या वर्गात जाऊन पाय पसरून बसल्या. शेठ, तुमचा हिरवा पडदा आता कुठं आहे? दुकानात झेरॉक्सच्या मशीनवर झाकलाय ना? बघितलाय मी.

पण फोन आले तरी गावात रेंज आली नाही. फोनचा उपयोग बॅटरीसारखा, परसाकडं जाताना. मग रेंज सापडली कशी? हा आपल्या खडकेवाडीचा थोर इतिहास आहे आणि तो पाहुण्यांना कळला पाहिजे.

तात्यांचे चुलते वारले. दुःखाचा प्रसंग, मी टिंगल करत नाही. माणूस देवमाणूस होता. वैकुंठधाम आपलं गावाबाहेर, टेकाडावर. आम्ही बाया रिवाजाप्रमाणे वेशीवरूनच माघारी फिरलो. पुढचं मला माझ्या मालकांनी सांगितलं. तात्यांनी मडकं घेऊन फेरे घातले, अग्नी दिला, सगळे हात जोडून गप्प उभे. आणि त्या शांततेत एकाच्या खिशात टिंग. मग दुसऱ्याच्या खिशात टिंग. मग नुसता टिंगटिंगाट! महिनाभर अडकून पडलेले सगळे शुभ सकाळ एका दमात उतरले. एकाच्या फोनवर तर लग्नातली सनई वाजायला लागली, आणि त्याला ती बंद करता येईना. श्रद्धांजलीला उभे राहिलेले गृहस्थ एक डोळा फोनवर ठेवून म्हणाले म्हणे, ‘मृतात्म्यास शांती लाभो आणि सोलापूरला कांदा चढलाय.’

त्या दिवसापासून गावातल्या पुरुषांना स्मशानाची जी ओढ लागली, ती साधुसंतांनाही लागली नसेल.

आता आपल्यात रीत अशी, की स्मशानातून आलं की अंगणातच थांबायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. आणि आपलं गाव उन्हाळ्यात टँकरवर. क्रिकेटचा स्कोअर बघून आले, एक बादली. पुन्हा कुणाचा तरी नाच बघून आले, आणखी एक बादली. गावातल्या बाया मैलभरावरून डोक्यावर हंडे आणतायत आणि मालक दिवसातून दोनदा शुचिर्भूत होतायत. घराघरात भांडणं पेटली. मग पुरुषांची बैठक बसली. बैठक कुठं? टेकाडावर, अर्थातच. तिथं ठरलं की फाटकाबाहेरचा कट्टा म्हणजे काही स्मशान नव्हे, तिथून आलं तर हातपाय धुतले की पुरे. कट्ट्यावर बसणाऱ्यांनीच ठरवलं, त्यामुळं एकमतानं ठरलं. पुढं ऊन वाढलं, कट्टा तापायला लागला. पुन्हा बैठक. आता ठरलं की आतली शेडसुद्धा, मयत नसेल त्या वेळेला, स्मशान नव्हे. बाकडी आली. सोलरचा दिवा आला. पिंपळाला पार बांधला. मेलेल्या माणसांची इतकी सोय बघून मला जिवंत माणसांचा हेवा वाटायचा बंद झाला.

आणि बाया? बायांसाठी मात्र तो कट्टा, ते फाटक, ते टेकाड, टेकाडाची सावली पडते तो रस्ता, सगळं जसंच्या तसं स्मशान राहिलं. बाईमाणसानं तिकडं पाऊल टाकायचं नाही. मी विचारलं, का? तर म्हणाले, जुनी रीत आहे, ती कशी मोडायची?

मग आम्ही काय करावं? धोंडप्पामामा, टोपीत तोंड लपवू नका, तुमचं नाव आज घेणारच. मामांच्या म्हशी टेकाडाच्या उतारावर चरतात. आम्ही मामांना हात जोडले. मामा झुंजूमुंजू झालं की कापडी पिशवी घेऊन घरोघर फिरायचे, आम्ही आमचे फोन त्यात टाकायचो. मामा टेकाडावर जाऊन पिशवी शेडच्या खांबाला टांगायचे. आम्ही बोलून ठेवलेलं तिथून जायचं, आम्हाला आलेलं पिशवीत उतरायचं, आणि न्याहारीच्या वेळेला पिशवी परत. बायांचं इंटरनेट हे असं, मामांच्या म्हशींबरोबर जायचं आणि म्हशींबरोबर यायचं. मी बहिणीला विचारलं, आईची तब्येत कशी आहे? दुसऱ्या दिवशी पिशवीतून उत्तर आलं, कुणाची आई, तुझ्या सासूबद्दल विचारतेस का? मी कळवलं, आपली आई गं. त्याचं उत्तर येईपर्यंत आई एसटीनं माझ्याच घरी येऊन चहा पीत बसली होती.

आणि माझी ड्यूटी? गावातल्या लेकरांची वजनं, उंच्या मी अंगणवाडीत मोजायची आणि फोनात भरायची, पण ती वर पोचायची वैकुंठधामातून. ज्या लेकराचं अजून जावळ काढलेलं नाही, त्याची खुशाली सरकारला स्मशानातून जायची! कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. फोन गेला तर चालतो, फोनाची मालकीण गेली तर गाव बाटतं.

बरं, ते फोन आले कुठून? स्मशानातून. मग त्यांनाही विटाळ आलाच की. समोर बसलेल्या आपल्या हरणामावशी, निकिताच्या आजी, रणधीरभाऊंच्या मातोश्री. मावशी मामांच्या हातून नातीचा फोन घ्यायच्या, उंबऱ्यावर ठेवायच्या, त्याच्यावर तुळशीचं पाणी शिंपडायच्या आणि मगच आत न्यायच्या. फोन बिचारा रोजचं तीर्थ घेऊन चालत होता.

निकिता धाराशिवला राहून बी.एस्सी. झाली. शिकून घरी आली आणि पिशवीवाल्या इंटरनेटवर येऊन पडली. तरी पोरीनं हैदराबादच्या त्या नोकरीसाठी अर्ज केला. पिशवीतून अर्ज गेला, पिशवीतून उत्तर आलं, की फोनवरच समोरासमोर मुलाखत घेऊ. आता मुलाखतीला तर पिशवी पाठवून भागत नाही, तिथं माणूस लागतं. म्हणून ठरलं होतं की आदल्या दिवशी लोहाऱ्याला तिच्या सख्ख्या मामाकडं जायचं आणि तिथून बोलायचं. आजच्यासारखंच तेव्हाही तिच्या वडिलांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. ‘बघू,’ म्हटलं होतं. बापाचं ‘बघू’ म्हणजे काय, ते इथल्या सगळ्या लेकींना माहीत आहे.

तर जायच्या दिवशी काय झालं? त्याच्या आदल्या दिवशी टेकाडावर खरंच एक मयत नेलेलं होतं. हरणामावशींनी विचार केला, आज नुसत्या शिंपडण्यानं भागायचं नाही. मामांची पिशवी आली तसा त्यांनी निकिताचा फोन उचलला आणि बादलीत घातला. नुसता घातला नाही, चांगला चोळला, उलथापालथा केला, पदरानं कोरडा पुसला आणि नातीच्या हातात दिला. म्हणाल्या, ‘मानसाला आंगुळ, मग ह्याला का नगं? घे, आता शुद्ध झाला.’ असा शुद्ध झाला की पुन्हा कधी बोलला नाही.

मावशी, तुम्ही हसा, पण त्या दिवशी पोरगी धाय मोकलून रडली. आणि ती रडतीय तोवर मी माझा फोन हातात घेऊन धावत तिच्या दारात गेले, कारण तिनं अर्जात दुसरा नंबर माझा दिला होता. माझ्या फोनवर निरोप उतरला होता, की साहेब परगावी चाललेत, मुलाखत उद्या नाही, आज बाराला आहे, तुमचा पहिला नंबर लागत नाही. घड्याळ बघितलं. लोहाऱ्याला जायला तेवढ्यात एसटी नाही, जीप नाही. मोटारसायकली? गावात इतक्या मोटारसायकली आहेत, त्या सगळ्या त्या वेळी कुठं असाव्यात? मालकांसकट टेकाडावर!

मी निकिताचा हात धरला. म्हटलं, चल. म्हणाली, बाई, कुठं? म्हटलं, रेंजमध्ये.

फाटकाशी पोचलो तर कट्ट्यावर, शेठ सोडून, ही सगळी मंचावरची मंडळी. आमचे अध्यक्ष मधोमध. आम्हाला बघून फोनवरून मान वर केली.

“बाई, कुठं चाललाव?”

“आत. पोरीची मुलाखत आहे.”

“हितं बायांनी यायचं न्हाय. तुमास्नी म्हाईत न्हाय का?”

“तात्या, कट्टा म्हणजे स्मशान नव्हे, असं तुम्हीच ठरवलंत ना?”

तर आपले अध्यक्ष म्हणाले, आणि हे मी शब्दशः सांगतेय, “त्ये आमच्यापुरतं ठरवलं.”

तात्या, टाळ्या तुमच्यासाठी आहेत, घ्या.

रणधीरभाऊ तिथंच बाकड्यावर होते. ते उठले. ओरडले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगते. खालच्या आवाजात म्हणाले, “निकिता, घरी चल. मानसं बघायलेत.” पोरगी फिरली. इतकी वर्षं शिकलेली पोरगी, एका वाक्यात फिरली आणि गावाकडं चालायला लागली. मला तेव्हा रडू आलं, दुःखानं नव्हे, संतापानं. मला त्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. सगळ्यांत आधी माझ्या मालकांच्या द्यावीशी वाटली, कारण ते फोन बघत होते.

तेवढ्यात वाटेनं हरणामावशी येताना दिसल्या. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. सगळ्यांना वाटलं, आल्या नातीला ओढून न्यायला. तात्या तर खूशच झाले. “या मावशी, तुमीच सांगा ह्या बायास्नी.” मावशींनी निकिताचं मनगट धरलं, तिला वळवली, आणि दोघी फाटकातून आत. थेट आत! शेडमधल्या बाकड्यावर ऐसपैस बसल्या आणि मग बोलल्या.

“आरं बब्रुवाना, म्या मेले की मला हितंच आणनार न्हवं तुमी? चौघं मिळून खांद्यावर आणताल. तवा फाटकातनं आत न्ह्याल का कट्ट्यावरच ठिवून जाताल?”

मावशींनी बाकड्यावर काठी आपटली.

“मेलेली बाई चालती, आन जित्ती चालत न्हाय व्हय? बस गं निकिते. आन तुमी समदे फोन बंद करा. समद्यांनीच वढलं तर पोरीला काय यील?”

मावशींना वाटतं, रेंज ही टँकरच्या पाण्यासारखी असते, सगळ्यांनी एकदम बादल्या लावल्या की शेवटच्याला मिळत नाही. गंमत म्हणजे पुढं निकितानं सांगितलं, त्या अगदीच चूक नव्हत्या. पण त्या वेळी विचारायची कुणाची छाती नव्हती. कट्ट्यावरचे सगळे फोन बंद झाले. वैकुंठधामात कित्येक महिन्यांनी शांतता पसरली.

बाराला माझ्याच फोनवर मुलाखत, पण पोरीच्या मागं भिंतीवर हे एवढाल्या अक्षरात ‘वैकुंठधाम’. म्हणून एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला मावशी, अशी आम्ही घोंगडी आडवी धरली. दोघींचे हात भरून आले, पण एकीनंही घोंगडी सोडली नाही. ते साहेब हिंदीत विचारायचे, इंग्रजीत विचारायचे. मला सगळं कळलं नाही. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर काहीतरी विचारलं आणि पोरगी जी सुटली ती सुटलीच. मग आला वारा. आपल्या टेकाडावरचा वारा, तो काय मुलाखतीसाठी थांबतो? घोंगडी उडाली. साहेब दचकले. विचारलं, आपण कुठं बसलाय? मी म्हटलं, संपलं सगळं. निकितानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि त्यांना खरं सांगून टाकलं, साहेब, स्मशानात बसलेय, आमच्या गावात नेटवर्क इथंच आहे, आणि बायकांना इथं यायची बंदी होती ती आत्ताच उठली.

साहेब हसले. म्हणाले, आमच्या प्रयोगशाळेच्या नुसत्या वासानंच पुष्कळ मुली घाबरतात, तुमचं काही अडेल असं दिसत नाही.

निवड झाली. तेव्हापासून बाया टेकाडावर जातात. दुपारची वेळ आमची. मामांची पिशवी आता भाजीला. आंघोळीचं म्हणाल, तर आमचीही बैठक बसली आणि एकमतानं ठरलं, हातपाय धुतले की पुरे.

आता रणधीरभाऊ, तुमच्याशी बोलते. इतका वेळ गावाशी बोलले.

तुम्ही वाईट बाप नाही. पोरीला धाराशिवला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा तुम्हाला नावं ठेवणारे आज मंचावर तुमच्या शेजारी बसून फुगलेत. मग आता पाय का मागं? तुम्ही कमलला म्हणालात, एकटी पोरगी, परमुलूख, दिवस वाईट आहेत. भाऊ, दिवस वाईट आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या फोननं. मी बघते ना, पारावर बसून तुम्ही काय बघता. ‘शहरात गेलेल्या मुलीचं काय झालं बघा.’ ‘आईबापांनो सावध व्हा.’ एक बघितलं की तो फोन तसलंच आणखी आणून वाढतो, पंगतीत आग्रह करणाऱ्या पाहुण्यासारखा, नको म्हटलं तरी पानात टाकतो. त्याच टेकाडावर, त्याच रेंजमध्ये, पोरीच्या फोनवर नोकरी उतरली आणि तुमच्या फोनवर भीती उतरली. दोन्हींतलं खरं कोणतं, हे फोन सांगणार नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

आणि हैदराबाद परमुलूख कधीपासून झाला हो? तुमचे बोकड जातात तिथं. व्यापाऱ्याला फोनवर बोकड फिरवून फिरवून दाखवता, शेपटीपासून शिंगापर्यंत. बोकड गाडीत चढला की त्याच्या काळजीनं तुमची झोप उडाल्याचं मी ऐकलं नाही.

हसू नका सगळे. मला हसवायचं नाही आता. ही पोर माझ्या अंगणवाडीत माझ्या मांडीवर बसून जेवली. पहिल्या दिवशी रडत आली होती, आणि दुपारी घरी न्यायला आलात तर तुमच्याबरोबर जाईना. आठवतं? मला ती जायला हवी आहे. तिच्यासाठी हवी आहे, आणि दारात उभ्या असलेल्या त्या सगळ्या पोरींसाठी हवी आहे, ज्या कधीपासून तुमच्या तोंडाकडं बघायल्यात. मी तुम्हाला हात जोडून विचारते, भाऊ. पाठवता ना?

हं. पुन्हा फेटा सारखा करायलेत.

बरं, मी पुढं... मावशी, बसा. मावशी, थांबा, माइक देते. नको? माइक नको म्हणतायत. शांत राहा सगळे, ऐकू द्या.

मागं ऐकू गेलं नसेल, म्हणून मावशी म्हणतायत तसंच सांगते. “रणधीर, तू कुठं झालास त्ये सांग ह्यास्नी.” भाऊ खाली बघायलेत. मावशी म्हणतायत, “तू न्हाय सांगत तर म्या सांगते. बिदरच्या पल्याड, माळावर झालास. मेंढरं घिऊन चाललो हुतो. तुजा बाप पानी बघाय फुडं गेल्याला. संगं कुनी न्हाय, मेंढरं आन म्या. नाळ म्याच कापली. दुसऱ्या दिशी तुला पाठीला बांधला आन चालाय लागले, मेंढरं का थांबत्यात? त्या मुलखात म्या जवान व्हते, एकली व्हते, मला कुनी खाल्लं न्हाय. आन तू माज्या नातीला परमुलूख सांगायलास व्हय?”

मावशी, बसा आता. पाणी द्या गं कुणीतरी त्यांना.

कमल, रडू नको.

भाऊ उठलेत. काय म्हणता, भाऊ? मोठ्यानं बोला, इथं माइकपाशी या. या.

ऐकलंत? पुन्हा एकदा म्हणा भाऊ, मागच्यांना ऐकू जाऊ द्या.

भाऊ म्हणाले, “बाई, भाषान आवरा आता. पोरीला पहाटं उठायचंय, पयली एसटी धरायचीय.”

आवरते, भाऊ. लगेच आवरते. आजवर कुणी भाषण आवरा म्हटलं की मला राग यायचा, आज डोळ्यांत पाणी आलंय.

अध्यक्ष महोदयांनी घंटी हातात असून वाजवली नाही, प्रमुख पाहुण्यांनी स्वतःवरचे विनोद हसून घेतले, धोंडप्पामामांनी इतके दिवस आमचे फोन वाहिले आणि एकीचंही बोलणं चोरून ऐकलं नाही, या सगळ्यांची मी ऋणी आहे. शाळेनं खोली दिली, पोरांनी सतरंज्या घातल्या, त्यांनाही धन्यवाद. बोलण्याच्या भरात वयाचा, मानाचा, मंचाचा मुलाहिजा राहिला नसेल, कुणाला उणं-अधिक लागलं असेल, तर लेक समजून पोटात घाला. ज्यांना पोटात घालता येत नाही, त्यांच्यासाठी बाहेर चहा आहे.

ऊठ गं निकिते, पाया नंतर पड. बॅग भरायची राहिलीय तुझी.